दत्तू घाडीची तीन बोटं

दत्ताराम घाडीच्या घरी कोणीही गेलं तरी चहा मिळायच्या आधी त्याला स्वतःच्या तोंडात स्वतःचीच तीन बोटं उभी घालून दाखवावी लागतात. नियम सगळ्यांना सारखा. सिलिंडरवाला, कुरिअरवाला, वर्गणी मागायला आलेले, सगळे दारात तोंड उघडून उभे राहतात. मागच्या निवडणुकीत मतं मागायला आलेल्या उमेदवारालाही दत्तूने सोडलं नाही. त्या बिचाऱ्याने "ही कुठली योजना?" म्हणून शेजारच्या कार्यकर्त्याला हळूच विचारलं. कार्यकर्त्यालाही माहीत नव्हतं. मग उमेदवाराने जोडलेले हात सोडवून बोटं तोंडात घातली. चार मावली. दत्तूने लिफ्टपर्यंत जाऊन सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "ह्यो येतलो निवडून." आणि तो आला.

दत्तूच्या स्वतःच्या तोंडात दीड बोट जातं. अर्धं म्हणजे दुसऱ्या बोटाचं नख.

"तीन बोटा म्हणजे माणूस," तो म्हणतो. "दोन म्हणजे पेशंट. दीड म्हणजे मी."

मी त्याच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो. घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी आमची चाळ होती, तिथे आता चौदा मजली इमारत आहे. चाळीत आमच्या खोल्या समोरासमोर होत्या, बिल्डरने फ्लॅटही समोरासमोर दिले. त्यामुळे गेली पन्नास वर्षं मी दार उघडलं की दत्तू दिसतो. मी शहात्तरचा, तो चौऱ्याहत्तरचा. त्याचं तोंड दीड बोटावर अडकलं याला कारण मी आहे. हे मी पंचेचाळीस वर्षं कोणाला सांगितलं नाही. आता लिहून ठेवणं भाग आहे, कारण या प्रकरणात एका निरपराध झाडाचा बळी गेलेला आहे.

पण आधी दत्तू.

घाडी म्हणजे आमच्या मालवणकडच्या गावात देवापुढे गाऱ्हाणं घालणारं घराणं. पेरणी असो, लग्न असो, हरवलेली म्हैस असो, घाडी देवासमोर उभा राहून सगळं प्रकरण देवाला नीट समजावून सांगतो आणि बाकीचे प्रत्येक मागणीनंतर "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा देतात. दत्तू गाव सोडून मुंबईला आला, गिरणीत लागला, गिरणी बंद पडल्यावर साकीनाक्याला पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात टाइमकीपर झाला, पण गाऱ्हाणं त्याने सोडलं नाही. नवीन फ्रिज आला, कोणाची दहावी आली, कोणाला रक्ताचा रिपोर्ट आणायला जायचं असलं की दत्तूला बोलावणं जातं. एकदा आमची लिफ्ट बंद पडली आणि आत चार माणसं अडकली. दत्तू दारासमोर हात जोडून उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा, ही जी लिफ्ट बिल्डरान दिलेली आसा, ती पाचव्या आणि सहाव्या माळ्याच्या मधी कित्याक थांबता ता तुकाच ठावक. आतल्या लेकरांची सुटका कर, आणि लिफ्टच्या कंपनीवाल्याक फोन उचलूची बुद्धी दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही बाहेरून म्हणालो. आतूनही चार आवाज आले, त्यातला एक गुजराती होता.

हे सगळं तो दीड बोटाच्या फटीतून बोलतो. शब्द पिठासारखे चाळून बाहेर येतात. आम्हाला ते सवयीने कळतात. देवाचं देव जाणे. गेल्या काही वर्षांत मात्र लांबलचक गाऱ्हाणं मध्येच अडायला लागलं. कानाजवळ 'कट्' असा आवाज व्हायचा, दत्तू हनुवटी हाताने सरळ करायचा आणि राहिलेली मागणी घाईघाईने उरकायचा. एका वास्तुशांतीला तर मागणी अर्ध्यातच राहिली आणि त्या घरात पाण्याचं प्रेशर आजतागायत कमी आहे, असं ते लोक म्हणतात.

शेवटी मी त्याला दाताच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या दाढा पाट्यासारख्या सपाट झाल्यात. तुम्ही झोपेत दात खाता. घरात कोणी सांगितलं नाही कधी?"

"होती," दत्तू म्हणाला.

सुलभावहिनींना जाऊन सहा वर्षं झाली. दत्तूने दात खायला सुरुवात केली की त्या झोपेतच त्याला कोपराने ढोसायच्या, की हा गप. डॉक्टरबाईंनी हे ऐकून घेतलं आणि चिठ्ठी लिहिली. जबड्याचे व्यायाम करा, आणि एक एक्स-रे काढा.

एक्स-रेचं पुढे सांगतो. व्यायामाची सोय दत्तूच्या मुलीने, शिल्पाने, बंगळुरूहून केली. आता जबड्याचे व्यायामसुद्धा मोबाइलवरून शिकवतात. दर गुरुवारी सकाळी अकरा वाजता नागपूरहून मृण्मयी मॅडम नावाच्या फिजिओथेरपिस्ट पडद्यावर यायच्या. तिशीच्या असतील. त्यांचा मंत्र एकच होता: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वर. 'न' म्हणताना जीभ जिथे लागते तिथे ती टेकवायची आणि तोंड हळूहळू उघडायचं. मग हनुवटीखाली मूठ ठेवून तिच्या विरुद्ध उघडायचं. मग खालचा जबडा उजवीकडे, मग डावीकडे. प्रत्येक प्रकार सहा वेळा, दिवसातून सहा वेळा.

पंचवीस वर्षं टाइमकीपर असलेल्या माणसाला असा कार्यक्रम मिळाल्यावर काय होणार? दत्तूने कपाटातून कारखान्याची शिट्टी काढली. सकाळी सातला शिट्टी वाजायची आणि जबड्याची पहिली पाळी सुरू व्हायची. दहाला दुसरी. चौथ्या मजल्यावरच्या एका सुनेने आपल्या कुकरच्या शिट्ट्या मोजायचं सोडून दिलं, कारण दोन वेळा डाळ कच्ची राहिली. दत्तूने जबड्याचं हजेरीपत्रकही केलं होतं. त्यात दोन नावं होती, खालचा आणि वरचा. खालचा रोज हजर. वरच्यासमोर रोज गैरहजर.

"काका, वरचा जबडा हलत नसतो," मॅडमनी समजावलं. "तो कवटीलाच जोडलेला असतो."

"म्हणजे पर्मनंट," दत्तू म्हणाला. "तरीच. पर्मनंट माणूस कधीच हलणा नाय."

पहिले तीन आठवडे सगळं उलटं झालं. मॅडम पडद्यावर जबडा उजवीकडे न्यायच्या आणि दत्तू आरशात बघावं तसं बघून डावीकडे न्यायचा. त्याचा जबडा आधीच डावीकडे ओढ घेणारा. तीन आठवड्यांत त्याची हनुवटी ठाण्याच्या दिशेला निघाली. मॅडमना कळेना की इतका नियमित पेशंट असा वाकडा का होतोय. कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

"काका, समोरचा कॅमेरा नको. मागच्या कॅमेऱ्याने, बाजूला उभं राहून कोणीतरी फोन धरायला हवा. म्हणजे मला नीट दिसेल आणि तुम्ही पडद्याकडे बघून फसणार नाही. आहे का कोणी?"

"आसा," दत्तू म्हणाला, कॉल तसाच चालू ठेवून उठला आणि माझं दार वाजवलं. त्या दिवसापासून मी 'फोन धरणारे काका' झालो.

मग टिकल्यांचं प्रकरण. दिवसभर नकळत दात आवळले जातात, म्हणून मॅडमनी घरात जागोजागी लाल ठिपके लावायला सांगितले होते. ठिपका दिसला की आपले दात सुटे आहेत ना ते बघायचं. दत्तूने सुलभावहिनींच्या कपाटाचा खण उघडला. आत टिकल्यांची अकरा पाकिटं होती. फ्रिज, घड्याळ, आरसा, चहाचा डबा झाल्यावर तो घराबाहेर पडला. लिफ्टच्या बटणांवर टिकली, वॉचमनच्या खुर्चीवर टिकली, माझ्या दारावर टिकली, सेक्रेटरीच्या स्कूटरच्या दिव्यावर टिकली. सेक्रेटरीच्या बायकोने ती पाहिली आणि तिला ती करणी वाटली. दुसऱ्या दिवशी इमारतीत सात दारांवर लिंबू-मिरच्या लटकल्या. सेक्रेटरीने तातडीची सभा बोलावली. दत्तू आधीच जाऊन सभेच्या प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर टिकली लावून आला होता. त्याने सगळ्यांना कारण सांगितलं आणि सराव म्हणून ओठ मिटून, दात सुटे ठेवून, जीभ टाळूला लावून बसायला लावलं. त्या अवस्थेत माणसाला भांडता येत नाही. पार्किंगचा विषय, जो चार वर्षं सुटत नव्हता, तो त्या दिवशी वीस मिनिटांत मिटला.

टिकल्या संपल्या तेव्हा मी म्हणालो, "नवीन आणू का रे स्टेशनवरून?"

"नको," दत्तू म्हणाला. "होत्यो तितक्योच बस."

आता नारळ.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी आमच्या चाळीत नारळी पौर्णिमेला नारळ लढवायचा खेळ व्हायचा. एकाने सोललेला नारळ हातात घट्ट धरायचा, दुसऱ्याने त्यावर आपला नारळ आपटायचा, ज्याचा फुटेल तो हरला. त्या वर्षी मी पाच नारळ घेऊन उतरलो होतो. चार नारळ एकाच माणसाने फोडले. बघणारी पोरं हसत होती, त्यात माझं नुकतंच लग्न ठरलेलं आणि सासरची दोन माणसं बघायला आलेली. मला असा राग आला की "नको तुमचा खेळ" म्हणून मी पाचवा नारळ न खेळताच डोक्यावरून मागे भिरकावला.

तो पाण्याच्या टाकीवरून पलीकडे गेला. तिथे एक माड होता. माडाखाली दत्तू नळावर हात धूत होता.

गलका ऐकून आम्ही सगळे धावलो. दत्तू माडाच्या बुंध्याशी पडलेला, जबडा एका बाजूला गेलेला, शेजारी नारळ. कोणीतरी वर बघून म्हणालं, "नारळ माडावरसून पडलो." मी बोलायला तोंड उघडलं. सासरची दोन माणसं माझ्याकडे बघत होती. मी तोंड मिटलं.

त्या माडाने अकरा वर्षांत एकही नारळ दिला नव्हता. त्याने दिलेला हा पहिला आणि शेवटचा नारळ, आणि तोही सोललेला. शेंडीसकट. चाळीत दीडशे माणसं होती, सगळी कोकणातली, माडाखाली वाढलेली. एकाही माणसाला प्रश्न पडला नाही. आठवड्याभरात कमिटी बसली, माड धोकादायक ठरला, आणि तोडायचं ठरलं. झाड तोडण्याआधी त्याची क्षमा मागणारं गाऱ्हाणं घालायचं असतं. घाडीचं तोंड तारेने बांधलेलं. म्हणून सगळ्यांनी मला पुढे केलं. मी त्या माडासमोर हात जोडून उभा राहिलो आणि म्हणालो, "बा माडा, तुझ्या हातून जी चूक झाली ती आम्ही पोटात घालतो."

"व्हय म्हाराजा," दीडशे माणसं म्हणाली.

सहा आठवडे दत्तू पातळ पेजेवर होता. सुलभावहिनी कामाला जायच्या, म्हणून दुपारची पेज मी घेऊन जायचो. नळीने त्याला पाजायचो. पुढे तार निघाली, पेज सुटली, पण माझं रोज जाणं राहिलं. जबडा मात्र पुरता कधी उघडला नाही.

आता परत मोबाइलकडे येतो. पहिल्याच गुरुवारी मॅडमनी विचारलं होतं, "काका, पूर्वी जबड्याला कधी मार लागला होता का?" तेव्हा मी फोन धरत नव्हतो, सोबत म्हणून शेजारी बसलो होतो. दत्तू म्हणाला, "नाय. जल्मापासून असोच." मला नवल वाटलं. माडाचं तरी सांगायला काय हरकत होती? पण खरं सांगतो, मला बरंही वाटलं. एक्स-रे पाठवा म्हणून मॅडम दर आठवड्याला आठवण करायच्या. दत्तूने एक्स-रेच्या जागी पासपोर्टचा फोटो अपलोड केला. मॅडम म्हणाल्या, काका, आतलं दिसायला हवं. त्याने आधार कार्डावरचा पाठवला.

आठ आठवडे झाले. शिट्ट्या झाल्या, हजेरीपत्रकं झाली, बोटं दीडच. उलट कानाजवळचा आवाज वाढला आणि दुखायला लागलं. मॅडम काळजीत पडल्या. "इतक्या मेहनतीने फरक पडायलाच हवा होता," त्या म्हणाल्या. "आत जुनं फ्रॅक्चर असेल तर जोर लावून उघडायचे हे व्यायाम चुकीचे आहेत. सांधाच धरून बसेल. आहे ते दीड बोटही जाईल. काका, नीट आठवून सांगा."

"नाय," दत्तू म्हणाला. "काय नाय."

मी फोन धरून उभा होतो.

त्या आठवड्यात दत्तूने गावाला फोन लावून देवाचा कौल घ्यायचं ठरवलं. आमच्या गावी देवाच्या अंगावर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवीकडची पाकळी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. बाबल गुरवाने व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल समईला टेकवून ठेवला. इकडे दत्तूचा मोबाइल मी धरला. देवही आता नागपूरच्या मॅडमसारखा पडद्यावर आला.

दत्तूने इथून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आठ आठवडे नागपूरच्या चेडवान सांगितला ता सगळा केलंय. दोन मिनटासुद्धा लेट नाय. तरी जबडो उघडणा नाय. व्यायाम असोच चालू ठेवू काय?"

बराच वेळ काहीच पडेना. मग बाबल गुरवाला काय सुचलं कोणास ठाऊक. त्याने आपणच देवाला दुसरा प्रश्न घातला. "देवा, ह्या दुखणा कोणा माणसाच्या हातसून इलेला आसा काय?"

उजवीकडची पाकळी टपकन पडली.

माझ्या हातातला फोन असा कलला की देवाला दत्तूच्या जागी छताचा पंखा दिसायला लागला. मी फोन सरळ केला. गुरव म्हणत होता, "उजवो दिलो, दत्तू. माणूस आसा."

"खयचो उजवो?" दत्तू म्हणाला. "मोबाइलात उजव्या ता डाव्या दिसता. मी तीन आठवडे भोगलंय ता."

"अरे मेल्या, मी हयसर देवासमोर उभो आसंय. माका काय मोबाइलात दिसता?"

"तुका दिसता तो देव तुझो. माका दिसता तो माझो. डावो कौल. माणूस बिणूस कोण नाय." आणि त्याने माझ्या हातातला फोन घेऊन कॉल कापला. हजेरीपत्रकाच्या कोपऱ्यात लिहिलंसुद्धा, कौल डावा.

घरी येऊन जेवायला बसलो. मागच्या कॅमेऱ्यातून उजवं-डावं उलटत नाही, हे याच माणसाने मला दहा वेळा समजावलं होतं. मग देवाशी खोटं का बोलला? एवढंच कळलं की मी गप्प राहिलो तर येत्या गुरुवारी हा पुन्हा हनुवटीखाली मूठ ठेवून जोर लावणार, आणि त्याचं तोंड कायमचं मिटेल. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी त्याचा जबडा एकदा मोडला होता. आता हळूहळू, मी फोन धरून, पुन्हा मोडत होतो.

गुरुवारी अकराला मॅडम आल्या. दत्तूने शिट्टी तोंडाला लावली.

"मॅडम," मी म्हणालो, "मार लागला होता."

"कोण बोलतंय?"

"फोन धरणारे काका. त्याच्या जबड्यावर नारळ बसला होता. मी फेकलेला. तेव्हा तार बांधली होती."

"काका, कॅमेरा तुमच्याकडे करा बघू."

मला तो कसा फिरवतात ते कळेना, म्हणून मी फोनच फिरवला. त्यांना बहुधा माझं नाक दिसलं असावं. नाकानेच मी त्यांना सगळं सांगितलं. टाकी, नळ, सासरची माणसं, माड, कमिटी.

"ह्येका बीपी आसा," दत्तू मागून म्हणत होता. "लिहू नकात, मॅडम. माडावरसूनच पडलो तो."

"नाही हो मॅडम, तो सोललेला होता."

"पण नारळ सोललेलाच असतो ना?" नागपूरच्या मॅडम म्हणाल्या.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मॅडमनी मात्र बाकीचं बरोबर पकडलं. सगळे व्यायाम आजपासून बंद. या आठवड्यात एक्स-रे काढायचा, जवळच्या कुठल्याही सेंटरला, आणि मोबाइलवर नाही, प्रत्यक्ष जबड्याच्या सर्जनला दाखवायचं. रिपोर्ट आल्यावर पुढचं बघू. "आणि काका," त्या मला म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत." फोन बंद झाला.

दत्तू शिट्टी हातात फिरवत बसला होता. मी त्याच्यासमोर खुर्ची ओढली.

"तुला माहीत होतं?"

"सोललेलो नारळ माडावरसून पडता काय रे?" दत्तू म्हणाला. "मी घाडी आसंय, सदू. आणि तो तुझोच होतो. तू नारळावर कोळशान फुली मारायचंस, म्हणजे कोण चोरूचो नाय. जबड्याक लागलो, डोळ्याक नाय. शुद्धीवर इलंय आणि पयली फुलीच बघलंय."

"मग मॅडमना माडाचं तरी सांगायचंस. दुखणं वाढवून घेतलंस."

"माडाचा नाव काढला की तुझा तोंड काळा पडता. पंचेचाळीस वर्सा बघतंय. म्हणान मी तुझ्यासमोर माडाचा नाव घेणंय नाय."

"तेव्हाच का नाही बोललास मला? दोन शिव्या घातल्या असत्यास, विषय संपला असता."

"म्हणानच नाय बोललंय." त्याने हनुवटी हाताने सरळ केली. "तेव्हा वाटला, बोललंय तर पेज बंद होतली. मगे पेज सुटली तरी तू येत रवलंस. मगे सुलभा गेली. आता विचार कर. मी बोललंय असतंय तर तू माफी मागली असतंस. माफी मागलेलो माणूस मोकळो होता. आणि मोकळो माणूस रोज येणा नाय."

मला राग आला, आणि कोणाचा ते कळेना. "मी पंचेचाळीस वर्षं फक्त त्या नारळापायी येतो असं वाटलं तुला?"

"मगे कित्याक येतंस?"

पहिली दहा वर्षं त्यासाठीच जात होतो, हे खरं आहे. त्यानंतर का जात राहिलो, हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. चहा बरा असतो म्हणून, असं काहीतरी मी पुटपुटलो. त्याचा चहा अतिशय वाईट असतो, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

दत्तूने हजेरीपत्रक उघडलं, आजच्या तारखेसमोर खालच्या जबड्याला रजा लिहिली आणि मिटलं.

"एक्स-रे खय काढतत?"

"स्टेशनजवळ आहे ना. चालत दहा मिनिटं."

"आणि काढूक किती वेळ?"

"पाच मिनिटं."

"म्हणजे अर्ध्या तासात घराक." तो खिडकीबाहेर बघत होता. "दुसरा खय नाय?"

"बोरिवलीला आहे एक, माझ्या भाच्याच्या ओळखीचं. पण कशाला? दोन बस बदलायच्या, तिथे रांग, यायला संध्याकाळ होईल."

दत्तूने हाताने हनुवटी धरून नीट विचार केला.

"बोरिवलीक जाऊया," तो म्हणाला. "डबो तू आण."